जावयाचं नाक

मुलगी बघायला पंढरपूरला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही, पुण्यातला फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा हेही विचारलं नाही. पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि एवढंच विचारलं, "सर्दीचा त्रास आहे का?"

आई म्हणणार होती, "पावसाळ्यात जरा असतो," पण वडिलांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मी ठामपणे "नाही" म्हणालो.

"मग काही हरकत नाही," ते म्हणाले आणि आत बघून ओरडले, "चहा टाका!" लग्न तिथंच ठरलं. माणसं साधी आहेत, पैशापेक्षा प्रकृतीला महत्त्व देतात, असं म्हणत आम्ही सगळे खूश होऊन परतलो. पुढे कळलं की त्यांना जावई नकोच होता, नाक हवं होतं. नाक सुटं मिळत नाही, म्हणून त्याच्या मागचा सव्वापाच फूट माणूस त्यांनी चालवून घेतला.

सासऱ्यांचा अगरबत्तीचा धंदा. पुढे दुकान, मागे कारखाना, वर बिऱ्हाड. कारखाना म्हणजे भोंगा-चिमणीवाला नव्हे. पत्र्याची लांबलचक शेड, त्यात दोन यंत्रं, पाटांपुढे बसलेल्या चार-पाच बायका, कोळशाच्या पुडीची पोती आणि झाकणं घट्ट लावलेली निळी पिंपं. ती झाकणं कितीही घट्ट लावा, आतला माल वर बिऱ्हाडात येऊन बसतोच. जिन्याच्या पहिल्या पायरीला मोगरा, मधल्या वळणावर चंदन, उंबऱ्याशी केवडा आणि स्वयंपाकघरात तिघेही एकत्र, त्यात लसणाची फोडणी. लग्नानंतरच्या पहिल्या मुक्कामात मी गुलाबाच्या वासाची शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सोलापूर जिल्ह्यात शेंगदाण्याच्या चटणीवर असा प्रसंग गुदरावा, हे तिच्याही कानावर कुणी घातलं नसेल. भाकरीला वाळा लागला होता. ताकाला कशाचा वास होता ते मी विचारलं नाही.

त्या घरात दूध उतू जाऊन करपलं तरी कळत नाही. एकदा मी ओट्याशी उभा होतो, सासूबाई शेगडीपासून दोन हातांवर बसून मटार सोलत होत्या आणि पातेल्यातून काळा धूर निघत होता. मीच ओरडलो. सासूबाई शांतपणे उठल्या, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "असू दे. या घरात धुराला कोण दचकतंय!"

खरी परीक्षा पुण्याला परतताना. एसटीत बसलो की शेजारचा माणूस आधी इकडेतिकडे बघतो, मग माझ्याकडे, मग हळूच चप्पल काढून सीटखाली सारतो. एका बाईंनी टेंभुर्णीपर्यंत डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. ऑफिसात तर सोमवारी मी आलो की आमचे साहेब, कुणाला शिव्या देत असतील तर, मधेच थांबतात. माझ्याकडे बघून नाही, वासामुळे. त्यांना आपण गाभाऱ्यात आहोत असं वाटतं. हा एक फायदा मी नोंदवून ठेवतो, कारण बाकी सगळा तोटाच आहे.

तो तोटा म्हणजे 'वास बघणं'.

मी विमा कार्यालयात आहे. कागद बघून खरंखोटं सांगणं हे माझं काम. तिथं संशयाचा वास येतो, पण तो नाकानं घ्यायचा नसतो. आणि पंढरपूरला गेलो की रविवारी सकाळी सहाला, चहाच्या आधी, मामांची हाक येते, "जावईबापू, नाक द्या जरा." (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, सासूबाईंना मामी. मेव्हणा मला दाजी म्हणतो.) चहाच्या आधी का, तर चहा प्यालेलं नाक बाद. कांदा खाल्लेलं नाक बाद. दाढीनंतर काही चोळलेलं नाक तर दुपारपर्यंत बाद. मी एकदा मुद्दाम चोळून गेलो, तर दुपारी दोनला, जेवून डोळा लागत असताना, उठवून वास दाखवले. तेव्हापासून चोळणं बंद.

पहिल्या रविवारी त्यांनी सात बत्त्या लावल्या. मी पहिलीला "छान आहे" म्हणालो. दुसरीलाही "छान आहे" म्हणालो. तिसरीला, जरा विचार केल्यासारखं करून, "हीपण छान आहे" म्हणालो.

मामांनी बत्ती खाली ठेवली. "छान म्हणजे काय?"

आता छान म्हणजे काय? मी विचार करू लागलो आणि लक्षात आलं की वासाच्या बाबतीत मराठीत आपलं भांडवल अगदीच तुटपुंजं आहे. चवीला सहा रस आहेत. रंगाला पोपटी, जांभळा, मोरपंखी, आमसुली, काय वाटेल ते आहे. वासाला घमघमाट आणि दुर्गंध, अशी दोन टोकं; मधल्या प्रदेशात 'कसला तरी वास येतोय' म्हणून आपण मोकळे. फार तर अमक्याचा वास, तमक्यासारखा वास. मी म्हणालो, "फुलासारखा."

"कुठल्या?"

"पांढऱ्या."

मेव्हणा हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी कपाटातून लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तसली लांबट वही काढली. हिला घरात 'वासवही' म्हणतात. तिच्यात प्रत्येक नव्या मालासमोर प्रत्येकाचं मत लिहायचं. 'कोरी कशी?' म्हणजे न पेटवता कशी. 'जळती कशी?' 'मागे काय राहतं?' म्हणजे बत्ती संपल्यावर तासाभरानं खोलीत परत आलं तर काय वाटतं. या तीन रकान्यांत 'छान' हा शब्द लिहायला बंदी. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तसं लाल शाईत लिहिलेलं आहे. ते माझ्यासाठीच लिहिलंय, असं बायको म्हणते, पण शाई जुनी आहे. माझ्याआधी काकांचे जावई होते. ते हल्ली येत नाहीत.

कोरी आणि जळती यांत एवढा काय फरक, असं मी एकदा बोलून गेलो आणि सकाळ गेली. मामा म्हणाले, "जावईबापू, गिऱ्हाईक पुडा नाकाशी धरून घेतं. देव जळताना घेतो. दोघांना दोन वास." मग दोन्ही चांगले हवेत का? "हवेत. पण देवाची तक्रार येत नाही, गिऱ्हाइकाची येते." कितीतरी माल असा असतो म्हणे की पुड्यात गुलकंद आणि पेटवल्यावर पेटलेली गोणी. हलकं सुगंधी द्रव्य आधीच उडून गेलेलं असतं आणि मागे राहतो तो कोळसा, लाकडाचा भुसा आणि बांबूची काडी.

हे ऐकून मला धक्का बसला होता. मी इतकी वर्षं समजत होतो की अगरबत्तीत अगर असतो.

"अगर?" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शिऱ्यात केशर मागितलं असावं. अगर म्हणजे आसामाकडच्या एका झाडाचं काळं, राळ धरलेलं लाकूड. झाडाला जखम झाली, बुरशी शिरली की ते आतल्या आत अशी राळ धरतं. त्यामुळे आजारी झाडाला सोन्याचा भाव आणि धडधाकट झाडाला कुणी विचारत नाही. आमच्या विम्याच्या बरोबर उलटं. तो अगर आता दहा रुपयांच्या पुड्यात घालायला कुणाला परवडणार? बरं, मग उदबत्तीत ऊद तरी? तर मराठीतला ऊद म्हणजे लोबानाच्या जातीचा डिंक, आणि अरबांचा ऊद म्हणजे पुन्हा तो अगरच. म्हणजे एकाच काडीला आपण दोन नावं ठेवली आणि बहुतेक वेळा दोन्ही वस्तू तिच्यात नाहीत. अशी पॉलिसी माझ्या टेबलावर आली असती तर मी परत पाठवली असती.

असतं काय, तर जिगट. एका झाडाच्या सालीची पूड. पाणी लागलं की ती चिकट होते आणि सगळा संसार काडीला धरून ठेवते. जिगट खरी की भेसळीची हे मामा जिभेच्या टोकावर चिमूट ठेवून सांगतात. मीही ठेवून पाहिली. दुपारपर्यंत माझी जीभ टाळूला आणि टाळू जिभेला सोडत नव्हते, आणि त्या दिवशी मी घरातला सगळ्यात लाडका जावई होतो.

साध्या बत्तीला कोळसा, भुसा, जिगट यांची कच्ची काडी आधी तयार करायची, वाळवायची, मग गठ्ठे बांधून सुगंधात बुडवायची आणि लोणच्यासारखी मुरायला ठेवायची. मसाला बत्तीची जात वेगळी. तिथं नागरमोथा, वाळा, दवणा, गव्हला-कचोरा, चंदनाची पूड, राळ, असं सगळं कणकेतच मळतात. बाहेरून शिंपडण्यावर तिचा भर नसतो. आणि दाक्षिणात्य पद्धतीची नागचंपा असेल तर त्यात हळमड्डी, म्हणजे मट्टीपालाच्या झाडाचा चीक. हा चीक हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून ती बत्ती हाताला कायम ओलसर लागते. नावाची गंमत अशी की नागचाफा म्हणजे आपला नागकेशर, पण नागचंपा बत्तीचा वास जातो सोनचाफा आणि चंदनाकडे. मी हे वहीत लिहिलं. पहिल्यांदाच माझ्या नोंदीखाली मामांची सही आली. वासावर नव्हे, नावावर मत दिलं होतं. कागदाचा माणूस अखेर कागदातच बरा.

बत्ती वळणं हे मी फक्त एकदा करून पाहिलं. पाटावर पिठाची गोळी, तिच्यावर काडी, काडीवर तळहात, आणि तळहात पुढे गेला की बत्ती तयार. वळणाऱ्या मावशी बोलता बोलता, सुनेच्या तक्रारी सांगता सांगता दिवसाला काही हजार वळतात. मजुरी हजारावर. माझी पहिली बत्ती एका टोकाला शेवग्याची शेंग होती आणि दुसऱ्या टोकाला नुसती काडी. मावशींनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "दाजी, ही दाखवायला ठेवू. ऱ्हावद्या." ती अजून शेडच्या खिळ्याला लटकवलेली आहे. यंत्र मिनिटाला शे-दीडशे काड्या फेकतं, सगळ्या सारख्या. पण यंत्र सुनेबद्दल काही सांगत नाही, त्यामुळे शेडमध्ये कुणाला त्याच्याजवळ बसवत नाही.

काडीचं एक वेगळंच रामायण आहे. विठ्ठलापुढं जळणारी काडी व्हिएतनामहून आणि चीनमधून यायची, हे मला 2019 पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी ऑगस्टअखेरीस सरकारनं अगरबत्तीच्या आयातीवर बंधन घातलं. पुढच्या जूनमध्ये बांबूच्या काडीवरचं आयात शुल्क 10 टक्क्यांचं 25 झालं. मेव्हणा त्या काळात फोन कानाला लावूनच जेवायचा. "काडी आहे का? किती आहे? गोल आहे की चौकोनी?" पलीकडच्यांना वाटत असेल, हा काडेपेटीच्या धंद्यात आहे.

नेमक्या त्याच सुमारास पुण्याच्या आमच्या काकांनी दोन्हीकडची माणसं असलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश पुढे ढकलला. हिंदू धर्मात बांबू जाळणं निषिद्ध आहे, चितेतही बांबू जाळत नाहीत, बांबू म्हणजे वंश, बांबू जाळला की वंश बुडतो, म्हणून अगरबत्ती लावू नका, पुढे किमान अकरा जणांना पाठवा. खाली हात जोडलेले सात. संस्कृतात वंश म्हणजे बांबू आणि वंश म्हणजे कुळ, दोन्ही खरं. पण शब्दावरची कोटी कुणी इतकी मनावर घेईल असं संस्कृतला वाटलं नसावं. मी संदेश बघितला आणि मला घाम फुटला. काकांना फोन केला तर म्हणाले, "अरे, मी वाचलं कुठं? नुसतं पुढं पाठवलं."

पंढरपूरहून दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मामांचं उत्तर आलं. आधी मामांच्या सातही नातवंडांचा एक फोटो, रांगेत उभे केलेले, धाकटं कडेवर. खाली फक्त एवढं, 'आमची चौथी पिढी बांबू जाळते आहे. वंश मोजून घ्यावा.' काकांना एकच मुलगा, तोही कॅनडात, अजून बिनलग्नाचा. ग्रुपवर त्यानंतर महिनाभर फक्त सुप्रभात चाललं होतं.

आषाढाबद्दल लिहिलं नाही तर बायको हा लेख वाचणार नाही. वर्षाचा सगळ्यात मोठा हंगाम आषाढी, आणि बत्ती वाळायला सगळ्यात वाईट दिवसही आषाढातलेच. कडक उन्हात बत्ती तडकते, वाकते. सावलीत, वाऱ्यावर वाळायला हवी. आमच्या भागात पाऊस तसा बेताचाच. पण त्याला पाठ आहे, बत्त्या पसरल्या की यायचं. मग शेडमधला माल वर बिऱ्हाडात येतो. पलंगावर बत्त्या, सोफ्यावर बत्त्या, देवघरासमोर बत्त्या, पाळण्यात (तो रिकामा होता) बत्त्या. सगळे पंखे पाचावर. माणसं जिन्यात. एका एकादशीच्या आदल्या रात्री मी वाळ्याच्या आणि केवड्याच्या ताटांमधल्या दीड फुटात झोपलो होतो. कूस बदलायची सोय नव्हती. सकाळी उठलो तर पाठीला चाळीसेक बत्त्यांचा ठसा. मेव्हण्यानं आधी बत्त्या मोजल्या, मग मला उठवलं.

हळमड्डीचा माल त्या दिवसांत वाळवणं म्हणजे म्हशीवर छत्री धरणं. ती आधीच हवेतलं पाणी पीत असते, त्यात पंढरीची हवा भरून आलेली.

त्या गर्दीत मला गल्ल्यावर बसवलं. बाहेर टाळ, रस्त्यावर माणसांचा लोंढा, पुढ्यात पुडे आणि बुक्क्याच्या डब्या. एक म्हातारे वारकरी आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. "माऊली, विठोबाला कंची आवडती?"

असा प्रश्न विमा कार्यालयात कुणी विचारत नाही. मी जरा थांबून म्हणालो, "चंदन."

"चंदन त्याच्या अंगालाच हाये की. त्येचं काय कवतिक? दुसरं द्या कायतरी."

मी मोगरा दाखवला. त्यांनी पुडा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आमच्या म्हातारीच्या डोक्यात असायचा." मग पुडा परत ठेवला, परत उचलला आणि दोन घेतले. एक देवाला. दुसरा कुणाला ते सांगितलं नाही. त्या दिवशी वासवहीत मोगऱ्यापुढं काय लिहावं ते मला कळलं होतं, पण कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना, म्हणून राहिलं.

मेव्हणा नव्या पिढीचा. त्याला नुसता मोगरा, गुलाब, केवडा नकोय. त्याला 'कॉन्सेप्ट' हवा. एका वर्षी त्यानं पहिल्या पावसाचा वास काढायला घेतला. मी माझी माहिती पाजळली की त्या वासाला इंग्रजीत पेट्रिकोर म्हणतात आणि हा शब्द 1964 साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी घडवला. मामा म्हणाले, "कनौजवाले भाजलेली माती देगेत घालून, वाफ चंदनाच्या तेलात उतरवून अत्तर करतात. तुमच्या त्या दोघांच्या कितीतरी आधीपासून. नाव ठेवायचं राहिलं असेल, धंदा राहिला नाही." तेवढ्यात मेव्हण्यानं नमुना पेटवला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला पहिला पाऊस आठवायचा होता. आठवलं आमच्या बाथरूमबाहेरचं पायपुसणं. मी वहीत लिहिलं, 'घरगुती.' मेव्हण्यानं ती स्तुती समजून तीन महिने आणखी घालवले. पुढे त्यानं 'परीक्षेसाठी', 'गृहकर्जशांती' अशा नावांची यादी केली. मामांनी ती वाचली आणि विचारलं, "हप्ता थकला तर पुडा परत घ्यायचा का?"

मामांना दोनच गोष्टींचा आदर आहे. एक म्हैसूर. तिथल्या एका कुटुंबानं 1948 मध्ये सुरू केलेला सायकल छापाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या कसा वाढला, म्हैसूर अगरबत्तीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन कसं मिळालं, हे ते शेजारच्या घरातल्या हुशार मुलाचे मार्क सांगावेत तसं सांगतात, मेव्हण्याकडे बघत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मामींचा होकार.

मामी कारखान्यात फारशा बोलत नाहीत. पण शेवटचा शब्द त्यांचा. सगळ्यांची मतं वहीत पडली की मामा बत्ती पेटवून त्यांच्यापुढं ठेवतात. त्या दोन हातांवर, भिंतीला टेकून बसतात. नाक पुढे करत नाहीत, हातानं धूर ओढून घेत नाहीत, आमच्यासारखं फुसफुस करत नाहीत. नुसत्या बघत राहतात. नऊ इंची बत्ती अर्धा-पाऊण तास चालते. त्या तेवढा वेळ बसतात. मग एक तर "हं" म्हणतात, नाहीतर "पुन्हा करा". 'हं' म्हणजे माल बाजारात. मामा म्हणतात, "नाक असावं तर असं. लांबून कळतं." मी कितीदा तरी त्यांच्यासारखं लांब बसून बघितलं. मला काहीच कळायचं नाही.

गेल्या दिवाळीत मला सर्दी झाली. चारचौघांना होते तशी, आठवड्यात जाईल म्हणून सोडून दिली. सर्दी गेली, वास आला नाही. आल्याचा चहा घेतला, गरम पाणी. फोडणीत हिंग पडला तरी ढिम्म. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, थांबा. त्यांना थांबा म्हणायला काय जातंय, मला पंढरपूरला जायचं होतं. ज्या एका अटीवर मुलगी दिली होती तीच मोडली होती. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना सांगू नका. त्यांना बीपी आहे."

आणि मग एक अजब झालं. काहीही येत नसताना माझी मतं सुधारली. आधी खरंखुरं हुंगून मी 'बरा', 'घरगुती', 'पांढरा' असलं लिहायचो. आता नाकाचा काही अडथळा नव्हता. मी लिहू लागलो, 'आरंभी उतावळा, पुढे समजूतदार.' 'गुलाब आहे पण माहेरी आलेला.' 'मागे राहतो, पण मुक्काम करत नाही.' मामांनी एक नोंद दुकानातल्या व्यापाऱ्याला वाचून दाखवली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता तुमचं नाक बसलं." डिसेंबर गेला, जानेवारी गेला. अशा तीन रविवारी मी असा तरलो.

चौथ्या रविवारी मामा दुकानात होते. मेव्हणा काडीवाल्याशी फोनवर भांडत आला, एक बत्ती माझ्या हातात कोंबली, "गुलाब, नवा" म्हणाला आणि तसाच बाहेर गेला. मी ती लावली. लांबून पाहिली. डोळे मिटले. वहीत लिहिलं, 'गुलाब उठून दिसतो. शेवटी किंचित गोडसर. गेल्या खेपेपेक्षा मोठा झालाय.' आणि चहाला गेलो.

मामी ओट्याशी होत्या. दार लोटून घेत म्हणाल्या, "जावईबापू, ती बत्ती कच्ची होती. सेंटात बुडवलेलीच नव्हती."

माझ्या हातातली बशी वाजली.

"सर्दी कधीपासून?"

"दिवाळीपासून," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पण मामी, तुम्हाला दारातूनच कळलं? एवढ्या लांबून वास..."

"वास कसला घेऊन बसलाय. बोटाला तेल लागलं नाही तिचं. धूर पातळ होता." त्यांनी दुधाचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं. मग आठवलं आणि परत ओढलं. "तुम्हाला तरी कुठं कळणार नासलंय का ते. सूनबाईलाच हाक मारायला हवी."

मी बघत राहिलो. करपलेलं दूध आठवलं. मटार आठवले.

"तुम्हालाही...?"

"धाकट्याच्या बारशाला सर्दी झाली होती."

धाकटा म्हणजे मेव्हणा. मेव्हणा बत्तीस वर्षांचा आहे.

मग त्यांनी सगळं सांगितलं, गवार निवडत, वांग्याच्या भरताची कृती सांगावी तसं. राख बघायची. राख वळली पाहिजे, तुटून पडता कामा नये. पडली तर कोळसा जाड आहे, चाळून घ्या. धूर सरळ निघून वर फुटला पाहिजे. मधेच काळा झाला तर तेल जास्त झालंय. मधे विझली तर ओली आहे. एका आरतीत दोन बोटांहून जास्त जळली तर जिगट कमी. "आणि वासाचं?" मी विचारलं. "वासाचं ह्यांच्या तोंडावर दिसतं. बत्ती ठेवतात तेव्हा माझ्याकडे बघत असतात ना, तेव्हा मी त्यांच्याकडे बघते." बत्तीस वर्षांत तीनदाच चुकलं म्हणाल्या, आणि तिन्ही वेळा मामांनी चष्मा लावला नव्हता, म्हणजे त्यांना लावला होता तर त्यांचे डोळे दिसले नव्हते, असं काहीतरी. ते मला नीट कळलं नाही.

वहीतलं माझं पान त्यांनी हळूच फाडलं, चार घड्या घातल्या आणि धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर ठेवलं. चांगलं जळालं.

संध्याकाळी मामांनी खरा गुलाब आणला. पेटवून मधे ठेवला. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो, दोन हातांवर. मेव्हणा वही उघडून तयार. मामा आधी माझ्याकडे, मग मामींकडे बघत होते, आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे. राख दीड इंच झाली, वळली, पडली नाही. धूर सरळ. मामांच्या मिशीचं डावं टोक जरा वर गेलं.

"हं," मामी म्हणाल्या.

"जरा घाई करतोय," मी म्हणालो, "पण घरचा आहे."

मामांनी मान डोलावली आणि मेव्हण्याला म्हणाले, "लिही. आणि शीक जरा. या घरात दोन नाकं आहेत म्हणून चाललंय."